पिंपळे सौदागर : मोजलेल्या एका खेड्याची हकीकत

माझी एक भाची पिंपळे सौदागर येथें नवव्या मजल्यावर राहते. गेल्या दिवाळींत मी तिच्याकडे गेलों असतां सकाळीं सज्जांत उभा राहून खालीं पाहत होतों. तिन्ही बाजूंस तशाच उंच इमारती, त्यांच्यामधून रुंद रस्ते, आणि एका फटींतून दिसणारी पवनेची कडा. तिनें सहज विचारलें, "मामा, येथें पूर्वीं काय होतें हो?" मीं शिक्षकी पेशास साजेसें उत्तर दिलें, "शेतें होतीं." उत्तर खोटें नव्हतें, पण तें पुरें नव्हतें, हें मला दिवसभर टोंचत राहिलें. कारण ह्या गांवची शंभर वर्षांपूर्वीं जितकी बारकाईनें मोजणी झाली, तितकी महाराष्ट्रांतल्या फार थोड्या खेड्यांची झाली असेल. आणि ती करणारा गृहस्थ इंग्लंडांतील एका लहानशा खेड्याची अशीच मोजणी करून मग पुण्यास आला होता. श्रोतेहो, आज ह्या दोन गांवांविषयीं बोलावें असें योजिलें आहे.

प्रथम गांवाचें ठिकाण ध्यानांत घ्यावें. पवना आणि मुळा ह्या नद्या दापोडीजवळ एकमेकींस मिळतात. त्या संगमाच्या वरच्या अंगास, दोहोंच्या बेचक्यांत, पिंपळे नांवाचीं तीन गांवें आहेत : गुरव, निलख आणि सौदागर. त्यांपैकीं सौदागर हें पवनेच्या उजव्या तीरावरचें. नदीपलीकडे कासारवाडी व पिंपरी, आणि तिकडूनच १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत सुरू झालेला लोहमार्ग. दक्षिणेस मुळा ओलांडली कीं औंध. अशा नदीकांठच्या गांवाची जमीन एकजात नसते. कांठाला गाळाची मळई, तिच्यावर काळी कसदार पट्टी, आणि जसजसें वर चढावें तसतसा मुरूम लागत जातो. माळावर बाजरी, काळींत रब्बीची ज्वारी व हरभरा, विहिरीचें पाणी असेल तेथें भाजीपाला, हा पुण्याच्या आसपासच्या खेड्यांचा ठरलेला क्रम. मध्यें पांढरीवर घरें. पाटील, कुळकर्णी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी. आणि ज्यांना गांवानें कुसाबाहेर ठेवलें होतें त्यांची निराळी वस्ती. जमिनीच्या ह्या निरनिराळ्या प्रती मात्र लक्षांत असूं द्या. पुढचें गणित त्यांच्यावरच उभें आहे.

आतां मोजणाऱ्याची ओळख. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे १८७२ सालीं यॉर्क शहरीं जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. हिंदुस्थानांत ते प्रथम चहाच्या संशोधनासाठीं आले आणि १९०७ सालीं पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य झाले. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांच्या निराश्रित साह्यकारी मंडळीच्या पुणें शाखेच्या कार्यांतही ते पडले होते. जन्मगांव यॉर्क, ह्या गोष्टीला येथें महत्त्व आहे. त्याच यॉर्कमध्यें सीबॉम राउंट्री ह्यांनीं घरोघर चौकशी करून शहरांतल्या दारिद्र्याचें मोजमाप केलें व १९०१ सालीं तें प्रसिद्ध केलें. अंगांत काम करण्याची शक्ति टिकून राहावी एवढ्यापुरतें अन्न, वस्त्र व निवारा ह्यांस किती पैसे लागतात तें आधीं ठरवावयाचें, आणि मग प्रत्येक कुटुंबाची मिळकत त्याच्याशीं ताडून पाहावयाची, अशी ती रीत. जेथें पै न् पै जपून खर्चली तरी पुरत नाहीं तें पहिल्या प्रतीचें दारिद्र्य. जेथें मिळकत पुरण्याजोगी असूनही कांहीं भाग दुसरीकडे जातो व घर उणें पडतें, तें दुसऱ्या प्रतीचें. दारिद्र्याला आळस हें एकच कारण देऊन मोकळे होणाऱ्यांची ह्या भेदानें मोठी अडचण केली.

पण शहरांतच दारिद्र्य असतें, खेड्यांत मोकळी हवा आणि सुख असतें, ही समजूत तिकडेही होतीच. ती तपासण्यासाठीं मॅनसाहेबांनीं रिजमंट हें खेडें निवडलें. हें गांव बेडफर्डशायर परगण्यांत, बेडफर्डच्या ड्यूकांच्या वोबर्न येथील वाड्यापासून जवळच. वस्ती पांचशेंच्या आंतबाहेर. गांवच्या आसपासची जमीन मुख्यतः ड्यूकांची. मोठे शेतकरी ती खंडानें घेत आणि बाकीचे गांवकरी त्यांच्याकडे आठवड्याच्या मजुरीवर राबत. घरें चांगलीं, ड्यूकांनीं बांधविलेल्या मजुरांच्या घरांचा तिकडे लौकिकच होता. गांवचें एकोणिसाव्या शतकांतलें देवालय सर गिल्बर्ट स्कॉट ह्यांनीं आंखलेलें. ह्याच स्कॉटनीं आपल्या मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आंखला, हें जातां जातां सांगतों. त्या परगण्यांतल्या बायका पूर्वीं गव्हाच्या काडाच्या वेण्या वळून टोप्यांसाठीं विकीत, कोणी लेस विणीत. तो घरधंदा यंत्रांपुढें आणि परदेशी मालापुढें बसला होता. तरुण माणसें शहराची वाट धरीत होतीं. वरून पाहणाऱ्यास मात्र गांव चित्रासारखें दिसे.

हिशेब निघाला तो असा : गांवांतलीं शेंकडा ३४·३ माणसें पहिल्या प्रतीच्या दारिद्र्यांत, आणि दुसऱ्या प्रतीचीं मिळविलीं म्हणजे शेंकडा ४१. राउंट्रींच्या यॉर्कमध्यें हा एकूण आंकडा शेंकडा २८ च्या आसपास होता. म्हणजे ज्याच्या हिरव्या कुरणांचीं चित्रें आपण शाळेच्या वाचनपुस्तकांतून पाहत आलों, त्या इंग्रजी खेड्यांतलें दर पांचांतलें दोघें जण पोटास पुरेसें न मिळतां जगत होतें. आणि ही हकीकत साम्राज्य ऐन भरांत असतांनाची आहे.

हा अनुभव गांठीशीं घेऊन आलेल्या माणसानें पुण्याच्या शेजारचें गांव निवडावें ह्यांत नवल नाहीं. कॉलेजापासून पिंपळे सौदागर सायकलीनें तासाभराच्या आंतलें. दत्तात्रेय वगैरे मोठ्या नांवांची गरज नसलेले, सहस्रबुद्धे, कानिटकर, तम्हाणे हे त्यांचे सहकारी बरोबर होते. आणि माझ्या मतें ह्या कामाचें अर्धें श्रेय त्यांचें आहे. परक्या साहेबाला कुणबी आपलें कर्ज किती तें सहजासहजीं सांगत नसतो. १९१७ सालीं हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेंत निघाला.

त्यांत जुन्या कागदपत्रांवरून दाखविलें आहे कीं १७७१ सालीं, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, गांवांतलें सरासरी खातें ४० एकरांचें होतें. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीं तें साडेसतरा एकरांवर आलें, पुढें १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ वर, आणि १९१४-१५ मध्यें अवघें ७ एकर उरलें. पण खरी मेख पुढेंच आहे. हे सात एकर एके ठिकाणीं नव्हते. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेंहून अधिक तुकडे होते, आणि त्यांपैकीं ४६३ तुकडे एकेका एकराहूनही लहान.

असें कां व्हावें? फळ्यावर मांडावें तसें सांगतों. एका बापाजवळ अठरा एकर जमीन आहे. ती चार जागीं आहे, एक तुकडा मळईंत, एक विहिरीखालीं, एक काळींत, एक माळावर. मुलगे तीन. एकानें मळई घ्यावी व दुसऱ्यानें माळ घ्यावा, हें कोण कबूल करील? म्हणून न्याय असा कीं प्रत्येक तुकड्याचे तीन वांटे. झाले बारा तुकडे. प्रत्येक मुलाला दोन मुलगे झाले कीं चोवीस. आतां नातवाच्या वांट्यास तीन एकर आले, आणि तेही चार दिशांना. बैल एका शेतांतून दुसऱ्यांत नेण्यांत सकाळ मोडते. पाऊण एकरासाठीं विहीर कोणी खणीत नाहीं. बांधांत जमीन जाते आणि बांधावरून भांडणें होतात तीं निराळींच. ह्यांत कोणी अन्याय केला असें म्हणतां येत नाहीं. तिघां भावांत कांटेकोर न्याय झाला, म्हणूनच तिघेही उणे पडले. मुंबई सरकारनें १९४७ सालीं तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा केला तो ह्याच दुखण्यावरचा उपाय म्हणून.

मग गांव जगत कसें होतें? मॅनसाहेबांनीं १०३ कुटुंबांचे जमाखर्च तपासले. येथें त्यांनीं राउंट्रींची फूटपट्टी जशीच्या तशी लावली नाहीं. गांवकरी स्वतः जी राहणी पुरेशी मानीत तीच प्रमाण धरली. ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. अर्थात् त्यामुळें रिजमंटचे आंकडे आणि पिंपळ्याचे आंकडे शेजारीं ठेवून कोण अधिक दरिद्री हें ठरवूं नये. दोहोंची मापें निराळीं आहेत. १०३ कुटुंबांपैकीं केवळ आपल्या जमिनीवर नीट राहूं शकत होतीं फक्त ८. जमिनीच्या उत्पन्नाला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन तोंडमिळवणी करणारीं २८. उरलेल्या ६७ कुटुंबांची मात्र दोन्हीं मिळूनही हातमिळवणी होत नव्हती. म्हणजे शेंकडा ६५ घरें सावकाराच्या तोंडाकडे पाहूनच वर्ष काढीत होतीं.

बाहेरची मजुरी कोठली, तर मुख्यतः खडकीची. तेथें १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होता. ही चौकशी चालली तेव्हां युरोपांत पहिलें महायुद्ध पेटलें होतें. तिकडे तोफा गर्जत होत्या आणि त्यांच्या दारूगोळ्यावर पवनाकांठचीं कांहीं घरें चालत होतीं. शेतकरी गांव म्हणून आपण ज्याला ओळखतों तें अशा रीतीनें तेव्हांच अर्धेंमुर्धें शहराच्या पगारावर आलें होतें. शहरानें खेडें गिळलें अशी तक्रार आपण आज करतों. पण ह्या गांवाला शहर जवळ नसतें तर काय झालें असतें? त्याचें उत्तरही मॅनसाहेबांनींच शोधलें. शिरूर तालुक्यांतलें जातेगांव बुद्रुक हें कोरडवाहू आणि शहरापासून दूरचें गांव त्यांनीं कानिटकरांसह असेंच तपासलें व १९२१ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथें शेंकडा ८५ कुटुंबें बुडीत निघालीं. 

मॅनसाहेब १९२७ सालीं हिंदुस्थान सोडून गेले आणि पुन्हां वोबर्नच्याच प्रयोगशेतीवर काम करूं लागले, म्हणजे रिजमंटच्या शेजारींच. १९६१ सालीं ते वारले. त्या रिजमंटजवळून आतां एम-वन नांवाचा हमरस्ता जातो, आणि त्याच्या फांट्यापाशीं मालाचीं प्रचंड कोठारें उभीं आहेत. आपल्याकडे १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना निघाला, मागोमाग इतर कारखाने आले, १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, पुढें हिंजवडीस संगणकाचे व्यवसाय आले, आणि ज्या पाऊण एकरांत बैल वळवायला जागा पुरत नव्हती त्याचा भाव चौरस फुटावर होऊं लागला. ज्याच्या नांवें सातबारा होता त्याच्या तीन पिढ्यांचें उणें एका खरेदीखतानें भरून निघालें, निदान कांहीं काळ. ज्याचें पोट त्याच शेतांवर, पण दुसऱ्याच्या बांधावर, चाललें होतें, त्या मजुराच्या व बलुतेदाराच्या हातीं खरेदीखताचा कागद आला नाहीं. सात एकरांच्या सरासरींत तो कधीं धरलेलाच नव्हता. पण १०३ घरांच्या हिशेबांत असा मनुष्य येऊं शकतो, कारण ती मोजणी जमिनीची नसून चुलींची होती. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशीं मीं भाचीला घेऊन गांवठाणांत गेलों. तेथल्या जुन्या गल्ल्या अजून अरुंद आहेत. देवळाच्या पारावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मीं विचारतांच ते उठून आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आले आणि बोट करून म्हणाले, "मास्तर, ती गाड्या लावल्यात ना, तिथं आमची पट्टी. पाऊण एकर. तिच्या पल्याड चुलत्याची, त्याच्या पल्याड पुन्हा आमची." भाचीनें त्या बोटाच्या रोखानें पाहिलें. तें तिच्याच इमारतीचें वाहनतळ होतें. तिनें त्यांना विचारलें, "काका, काय पिकायचं तिथं?" ते म्हणाले, "हरभरा. पण पोरी, पोटापुरता नाही हं. वडील खडकीला कामाला होते."