बदलते इथेनॉल मिश्रण आणि वेगवान गाडीच्या इंजिनाचे ट्यूनिंग

प्रस्तावना

सुरत जिल्ह्यातील बारडोली, कामरेज, ओलपाड इत्यादी तालुक्यांत काकरापार व उकाईच्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात ऊस पिकतो. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून अल्कोहोल तयार होते आणि त्यातील पाणी काढून टाकल्यावर मिळणारे निर्जल इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. 'अल्कोहोल' हा शब्द मुळात अरबी 'अल-कुहल' म्हणजे सुरमा. बारीक भुकटीचा हा शब्द युरोपात गेल्यावर कोणत्याही अर्काला आणि अखेर या द्रवाला लागू झाला.

सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी व उर्दू ही दोन्ही माध्यमे आहेत. या शाळांतून शिकून मोटार दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला आता एका नव्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. पंपावरचे इंधन बदलले, पण गाडीतील संगणकाला ते कसे कळणार? जास्त ताकदीसाठी ट्यून केलेल्या टर्बो गाडीत या प्रश्नाचे चुकीचे उत्तर पिस्टन वितळवू शकते. प्रस्तुत लेखात या विषयाची मूलतत्त्वे मांडली आहेत.

मिश्रणाचा प्रवास

२००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड येथे प्रायोगिक तत्त्वावर इथेनॉल मिश्रण झाले. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्र, गुजरात व गोव्यासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोचली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस आले व २०२५ मध्ये २० टक्क्यांचे लक्ष्य गाठले गेले. म्हणजेच पंधरा वर्षांपूर्वीची गाडी आज तिच्या जन्मवेळच्या इंधनावर चालत नाही.

हवा व इंधन यांचे गणित

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला सुमारे ९ किलो हवा पुरते. त्यामुळे ई-१० साठी हे प्रमाण सुमारे १४.१, ई-२० साठी १३.५ आणि ई-८५ साठी ९.८ होते. हवा तेवढीच असेल तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० सात ते आठ टक्के जास्त आणि ई-८५ चाळीस टक्क्यांहून जास्त सोडावे लागते. ई-८५ वापरायचे तर इंजेक्टर व पंप यांची क्षमताही तेवढी हवी.

येथे 'लॅम्डा' ही संकल्पना उपयोगी पडते. मिळालेली हवा भागिले त्या इंधनाला पूर्ण ज्वलनासाठी लागणारी हवा, म्हणजे लॅम्डा. इंधन कोणतेही असो, लॅम्डा १ म्हणजे समतोल. एक्झॉस्टमधील सेन्सर लॅम्डाच ओळखतो. मात्र पुष्कळ मीटर तो आकडा पेट्रोलच्या मापात बदलून दाखवतात. म्हणून ई-८५ वरही समतोलाला मीटर १४.७ दाखवतो व विद्यार्थी गोंधळतो. लॅम्डाच वाचण्याची सवय लावल्यास हा गोंधळ टळतो.

धोका कोठे आहे?

सावकाश चालताना संगणक लॅम्डा सेन्सरच्या आधारे इंधन कमी-जास्त करतो व छोटा फरक भरून काढतो. परंतु पेडल पूर्ण दाबल्यावर अनेक गाड्यांचा संगणक आधी भरलेल्या तक्त्यावर, म्हणजे 'मॅप'वर चालतो. समजा, शुद्ध पेट्रोलवर पूर्ण भाराला लॅम्डा ०.८५ राहील असा मॅप केला आणि टाकीत ई-२० आले. कोणतीही दुरुस्ती न झाल्यास लॅम्डा सुमारे ०.९१ होईल. मिश्रण पातळ होईल, तापमान व नॉकिंगची शक्यता वाढेल. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा जास्त आहे आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते, हे खरे. पण हा लाभ इंधनाचे माप बरोबर असेल तरच मिळतो.

ट्यूनिंगची पद्धत

१) इंधनाच्या नळीत इथेनॉल सेन्सर बसवतात. इथेनॉलचा विद्युत-अपार्यता अंक सुमारे २४, तर पेट्रोलचा सुमारे २ असल्याने मिश्रण ओळखता येते. प्रचलित सेन्सर शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ व शंभर टक्क्यांना १५० हर्ट्झ संकेत देतो. ७० हर्ट्झ म्हणजे २० टक्के.

२) कमी व जास्त इथेनॉलसाठी दोन मॅप करून संगणकाला मधली किंमत काढू देतात.

३) आधी इंधन बरोबर करतात, नंतरच इग्निशन टायमिंग पुढे नेतात, तेही नॉकिंगवर लक्ष ठेवून, थोडे थोडे.

४) सेन्सर बिघडल्यास टर्बोचा दाब व टायमिंग आपोआप कमी होतील अशी तरतूद ठेवतात.

ब्राझीलमध्ये २००३ पासून विकल्या जाणाऱ्या फ्लेक्स गाड्यांत बहुधा लॅम्डा सेन्सरवरूनच इथेनॉलचा अंदाज घेतला गेला. या पद्धतीत खर्च कमी, पण तुंबलेला इंजेक्टर किंवा हवेची गळतीही संगणकाला इंधनातील बदलासारखीच दिसू शकते. जास्त ताकदीच्या इंजिनाला प्रत्यक्ष मोजमापच सुरक्षित.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर बंधने आहेत, हेही विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे.

प्रयोगशाळेसाठी एक प्रयोग

१०० मिलिलीटरच्या मापन-नळीत १० मिलिलीटर पाणी व ९० मिलिलीटर पेट्रोल घेऊन बूच लावून हलवावे. इथेनॉल पाण्यात उतरते व खालचा थर वाढतो. ई-२० असल्यास तो १० वरून २७-२८ च्या खुणेपर्यंत येतो. झालेली वाढ भागिले ९० म्हणजे इथेनॉलचे अंदाजे प्रमाण. पाणी व इथेनॉल मिसळताना आकारमान किंचित घटत असल्याने उत्तर थोडे कमी येते. प्रयोग मोकळ्या हवेत, ज्योत व ठिणगीपासून दूर करावा. सुरतच्या दमट पावसाळ्यात टाकीत पाणी शिरल्यास इथेनॉल असेच वेगळे होऊन तळाशी बसते, हेही यातून दिसते.

निष्कर्ष

इथेनॉल मुळात चांगले की वाईट, या चर्चेपेक्षा इंजिनाला टाकीतील मिश्रण माहीत आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्या विद्यार्थ्याला मोजमाप, गुणोत्तर व टक्केवारी पक्की येते, तो अंदाजाने मॅप बदलणार नाही. या दृष्टीने अध्यापकांनी मापन-नळी, लॅम्डा व मॅप याच क्रमाने हा विषय शिकवल्यास तो विद्यार्थ्यांना सहज आकलन होईल.