उष्ण प्रदेशातील हिम आणि गारा : शब्द, कारणे व गोव्याचा संदर्भ

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या उष्ण, दमट शहराच्या विमानतळावर ८ इंच बर्फ पडला. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात कडाक्याच्या थंडीने वीजव्यवस्था कोलमडली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. अशा बातम्यांनंतर वर्गात दोन प्रश्न हमखास येतात. जग तापत असेल तर उष्ण प्रदेशात बर्फ कसा? आणि तो उद्या पेडणे-डिचोलीत पडेल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा थोडक्यात विचार केला आहे.

शब्दांची उकल

प्रथम शब्द स्पष्ट करावेत. ढगातील बाष्प थेट गोठून स्फटिक होतात व ते अलगद खाली येतात, तो हिमवर्षाव; त्यासाठी जमिनीलगतची हवाही शून्य अंशाच्या आसपास लागते. गडगडाटी ढगातील जोरदार वर चढणाऱ्या प्रवाहात पाण्याचे थेंब थरांवर थर गोठून गार बनते. ती जड असल्याने खाली उन्हाळा असला तरी न विरघळता जमिनीवर पोहोचू शकते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीकधी दिसणारा पांढरा थर या दोहोंपैकी काहीच नव्हे. ते गोठलेले दव होय. उर्दूत 'बर्फबारी' आणि 'ज़ालाबारी' हे शब्द वेगळे आहेत, तसेच मराठीत 'हिमवर्षाव' आणि 'गारपीट'. तरीही आपण गारांना सर्रास 'बर्फाचा पाऊस' म्हणतो.

हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती मदत निकषांत गारपीट आणि थंडीची लाट यांचा समावेश आहे. अवकाळी पावसाचा स्वतंत्र उल्लेख नाही. नुकसानीच्या अर्जात कोणता शब्द लिहिला जातो, यावर शेतकऱ्याचे बरेच काही अवलंबून असते.

थंडी कोठून येते?

उत्तर अमेरिकेत ध्रुवाकडील थंड हवेला दक्षिणेकडे येताना आडवा डोंगर लागत नाही. तिची गाठ आखातावरील दमट हवेशी पडली की बर्फ पडतो. सौदी अरेबियात तबूकजवळच्या जबल अल्-लौजवर हिम दिसते, कारण त्याची उंची अडीच हजार मीटरहून अधिक आहे. भारताच्या उत्तरेस मात्र हिमालयाची भिंत आहे. पणजी सुमारे साडेपंधरा अक्षांशावर, समुद्रकाठी आहे. म्हणून गोव्यात हिमवर्षाव होत नाही.

महाराष्ट्राची स्थिती थोडी वेगळी आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये पश्चिमी विक्षोभाबरोबर वरच्या थरात आलेली थंड हवा आणि समुद्रावरून आलेले बाष्प एकत्र आले. विदर्भ-मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात गारपीट होऊन गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे व डाळिंबे यांची मोठी हानी झाली.

गोव्यासाठी अर्थ

गोव्यात हिवाळी वादळाचे रूप समुद्राचे असते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ दूर समुद्रातून गेले. तरी त्याच्या लाटांचे पाणी पेडण्यातील मोरजी, हरमल, केरी येथील किनाऱ्यांवरच्या शॅकांत घुसले. डिचोलीसारख्या अंतर्भागात धोका काजूच्या मोहोराला असतो. ऐन मोहोरात ढगाळ, दमट हवा वा अवेळी पाऊस आला की मोहोर करपतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. एका वादळावरून तापमानवाढ सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. त्यासाठी अनेक दशकांची सरासरी पाहावी लागते. तापलेली हवा दर अंशाला सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे थंडी एकंदरीत कमी झाली, तरी जेव्हा ती येते तेव्हा बर्फ किंवा पाऊस अधिक पडू शकतो.

शिक्षकांनी प्रत्येक बातमीसोबत तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी : जे पडले त्याचे नेमके नाव काय? थंड हवा कोठून व किती उंचीवर आली? बाष्प कोठून आले? काजू बागायतदार आणि शॅकवाले यांच्या मुलांना या तीन प्रश्नांचा उपयोग परीक्षेपेक्षा घरी अधिक होईल.