४,२९,४९,६७,२९७ : जी मूळ वाटली, पण निघाली नाही

२ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्यायचा आणि दर उत्तरात १ मिळवायचा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाच संख्या मिळतात आणि पाचही मूळ आहेत. सहाव्या वेळी घातांक ३२ होतो आणि येते ४,२९,४९,६७,२९७.

गैरसमज : ही संख्या मूळ असल्याचे फर्माने सिद्ध केले होते, ऑयलरने ती सिद्धता खोडली.
वस्तुस्थिती : या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असते, असा फ्रेंच गणिती पिएर द फर्माचा विश्वास होता. मात्र १६४० मधल्या पत्रात नेमकी सिद्धता आपल्याकडे नसल्याचे त्यानेच लिहिले होते. १७२९ मध्ये गणिती गोल्डबाखने हा प्रश्न गणितज्ञ ऑयलरपुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलरने भाजक दाखवला : ६४१ × ६७,००,४१७.

गैरसमज : ६४१ पर्यंत पोहोचायला शंभरावर भागाकार करावे लागतात.
वस्तुस्थिती : ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे खरी. पण या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. त्या चाळणीतून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१ उरतात. पाचव्याच भागाकाराला बाकी शून्य!

गैरसमज : भाजक सापडेपर्यंत संख्या मूळ नाही असे म्हणता येत नाही.
वस्तुस्थिती : येते, आणि तेही फर्माच्याच प्रमेयाने. ३ चा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग असे ३२ वेळा करायचे आणि दर वेळी आपल्या संख्येने भागून फक्त बाकी पुढे न्यायची. संख्या मूळ असती, तर या प्रमेयानुसार शेवटी १ उरला असता. तो उरत नाही. गंमत म्हणजे ३ ऐवजी २ घेतले तर १ उरतो. म्हणजे ही कसोटी एकदा पार पडली म्हणून संख्या मूळ ठरत नाही.

गैरसमज : ही एक अपवादाने चुकलेली संख्या, पुढच्या मूळ असतीलच.
वस्तुस्थिती : या रीतीने येणारी, हिच्यानंतरची एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

गैरसमज : हा नुसता आकड्यांचा खेळ आहे.
वस्तुस्थिती : याचा भूमितीशी थेट संबंध आहे. १७९६ मध्ये तरुण गणिती गाउसने १७ बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी-कंपासने काढता येतो हे दाखवले. आपल्या संख्येइतक्या बाजूंचा बहुभुज तसा काढता येत नाही. पण दोन बाजू कमी केल्या, तर तत्त्वतः येतो. कारण ४,२९,४९,६७,२९५ हा वरच्या पाच मूळ संख्यांचाच गुणाकार आहे, आणि अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. विषम बाजूंचा यापेक्षा मोठा असा बहुभुज अजून कोणाला माहीत नाही.