धोक्याची यादी दप्तरातच आहे

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या दप्तरात ‘नमुना ८’ ही कर आकारणीची नोंदवही असते. घर कोणाचे, क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या प्रकारचे आणि कर किती, हे तीत नोंदलेले असते. झोपडी किंवा मातीचे घर, दगड-विटांचे मातीत बांधलेले घर, दगड-विटांचे चुना वा सिमेंटमधील पक्के घर आणि आर.सी.सी.चे घर अशी त्यातील वर्गवारी केवळ कराच्या सोयीसाठी केलेली आहे. परंतु भूकंपाच्या दृष्टीने वाचली तर हीच वही गावातील धोकादायक इमारतींची पहिली यादी ठरते. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीचे घर हा त्यातील दुसरा वर्ग. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत जी सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुतेक याच वर्गातील घरांखाली गाडली गेली. दरवर्षी मार्चमध्ये वसुलीसाठी ही वही उघडते आणि मिटते. तिचा हा दुसरा अर्थ मात्र कोणी वाचत नाही.

किल्लारीचा भूकंप अनपेक्षित होता, असे सांगितले जाते. शास्त्रीय नकाशापुरते ते खरे आहे. हा भाग त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. पण १९९२ च्या उत्तरार्धातच किल्लारीच्या परिसराला अनेक धक्के बसले होते आणि काही घरांना तडेही गेले होते. मोठा धक्का येण्यापूर्वी जवळजवळ एक वर्ष हाताशी होते. भूकंपाची तारीख तेव्हा कोणी सांगू शकत नव्हते, आजही सांगू शकत नाही. कोणती घरे पडतील हे मात्र ओळंबा हाती धरणाऱ्या कोणत्याही जाणत्या गवंड्याला सांगता आले असते.

दोन फूट भिंतीचे रहस्य

या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या होत्या. ऊन आणि चोर या दोहोंपासून रक्षण करणारी जाड भिंत मजबूतही असणार, असा समज असणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा आणि मधल्या पोकळीत लहान दगड व माती. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, आरपार पोचणारा लांब दगड घालण्याची काळजी क्वचितच घेतली जाई. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती कोसळते.

वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर नवी माती टाकायची. जुनी काढायची मात्र नाही. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जाई. पंधरा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती धरली, तर तिचे वजन दहा टनांच्या आसपास भरते. एवढा भार डोक्यावर घेऊन कुटुंबे निर्धास्त झोपत होती, आणि अनेक गावांत आजही झोपतात.

याच गावांनी दाखविलेली दुसरी गोष्ट तितकीशी लोकांपुढे आलेली नाही. जुन्या वाड्यांतून आणि खणाच्या घरांतून छताचा भार लाकडी खांबांवर असतो. अशा कित्येक घरांत भिंती बाहेर ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. परंपरेने दिलेले सारेच बांधकाम वाईट होते असे नव्हे, हा त्याचा अर्थ. तरीही भूकंपानंतर दगड बदनाम झाला आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता असे समीकरण रूढ झाले. ते किती फसवे आहे, हे २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाने दाखविले. केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून केवळ खांबांवर वरचे मजले तोलणे, हे त्यांतील अनेकींचे दुखणे होते. मराठवाड्यातही मातीच्या जोडणीच्या जुन्या दगडी भिंतींवर काँक्रीटची स्लॅब चढविण्याची हौस दिसते. माळवद काढून स्लॅब घातल्याने गळती थांबते. भिंत होती तशीच राहते.

ही घरे सुधारता येतात, आणि त्याची पद्धत अवघड नाही. छतावरची माती कमी करून तिच्याखाली प्लास्टिकचा कागद घालावा. भिंतीत ठरावीक अंतराने आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही अंगे बांधली जातात. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर तारेची जाळी व सिमेंटचा गिलावा यांचा पट्टा घराभोवती आतून-बाहेरून फिरवावा. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरपे आधार ठोकावेत. भारतीय मानक संस्थेने दुर्बल बांधकामांसाठी आणि इमारतींच्या मजबुतीकरणासाठी १९९३ सालीच स्वतंत्र संहिता प्रसिद्ध केल्या. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नाही.

पैसा कोठून, आणि कशासाठी?

प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. त्याखेरीज तेरा जिल्ह्यांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांसाठीही साहाय्य दिले गेले. भूकंपानंतरच्या शासकीय कार्यक्रमांत मजबुतीकरणाचे नाव एवढ्या ठळकपणे येणे ही मोठीच गोष्ट होती. परंतु हाती पैसे आल्यावर पुष्कळ कुटुंबांनी जुन्या घराला पट्टे बांधण्याऐवजी शेजारी एक नवी खोली उभी केली. जुने घर होते तसेच राहिले आणि वापरातही राहिले. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्या कुटुंबांचा हिशेब मात्र चोख होता. नवी खोली डोळ्यांना दिसते, तिने राहण्याची जागा वाढते, सोयरिकीच्या वेळी ती दाखविता येते. गिलाव्याखालची जाळी कोणालाच दिसत नाही. तिचे मोल कळायचे ते भूकंप झाला तरच, आणि तो पुढच्या पन्नास वर्षांत होईलच असेही नाही. ज्याचा लाभ अनिश्चित व दूरचा आणि खर्च आजचा, अशी वस्तू बाजारात सहसा आपणहून विकत घेतली जात नाही.

म्हणूनच येथे शासनाला हात घालावा लागतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने १९८१ साली सळई नसलेल्या विटांच्या जुन्या इमारतींविषयी नियम केला. सुमारे आठ हजार इमारतींची यादी झाली, मालकांना नोटिसा गेल्या, मुदती ठरल्या. १९९४ च्या नॉर्थरिजच्या भूकंपापर्यंत बहुतेक इमारती मजबूत तरी झाल्या होत्या वा पाडल्या गेल्या होत्या. तेथे तंटा होता तो खर्च घरमालकाने सोसायचा की भाडेकरूने, याचा. नव्या नियमांसाठी २०१६ साली तो निम्मा-निम्मा वाटून देण्यात आला. मराठवाड्याच्या खेड्यात घरमालक स्वतःच घरात राहतो, तेव्हा हा तंटा उद्भवत नाही. पण त्याच्यापाशी रोख पैसा नसतो आणि सक्तीची नोटीस त्याला घर सोडायला लावील. त्याला नोटिशीपेक्षा अनुदानाची गरज आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील ग्रामीण कुटुंबाला मिळणारे १ लाख २० हजार रुपये नवे घर बांधण्यासाठी असतात. त्याहून बऱ्याच कमी रकमेत ज्याचे जुने घर मजबूत होऊ शकते, त्याने कोणाकडे पाहावे? आणि मजबुतीकरणामुळे ‘नमुना ८’ मधील घराचा वर्ग वर सरकून कर वाढणार असेल, तर तो माणूस गवंड्याला बोलावील तरी कशाला? निदान काही वर्षे अशा घराचा वर्ग बदलू नये, एवढे तर शासनाला एका आदेशाने करता येईल.

सुरुवात मात्र घरांपासून नव्हे, शाळांपासून व्हावी. किल्लारीचा धक्का पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बसला, म्हणून घरे मारक ठरली. ८ ऑक्टोबर २००५ रोजी मुझफ्फराबादच्या बाजूला तो सकाळी शाळा भरल्यावर बसला आणि हजारो मुले वर्गांतच दगावली. नेपाळात २५ एप्रिल २०१५ रोजी शनिवारची सुट्टी होती म्हणून मुले वाचली. शाळा हजारोंनी पडल्या. काठमांडूच्या खोऱ्यात त्यापूर्वी ज्या शाळा मजबूत केल्या होत्या, त्या मात्र उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेची शाळा ही सार्वजनिक मालमत्ता. तेथे मालकाचे मन वळवावे लागत नाही, वर्ग आणि कर यांचा प्रश्नही येत नाही. शिवाय नेपाळचा अनुभव असा की, शाळेच्या भिंतीवर काम करता करता गावचे गवंडी ती रीत शिकतात. शाळेची भिंत गावातील प्रत्येकाच्या नजरेखालून जाते. घरातल्या अदृश्य जाळीची जाहिरात करायला तिच्याइतके चांगले ठिकाण दुसरे नाही.

राहिली पाहणी. तिच्यासाठी प्रत्येक घरी अभियंता धाडण्याची आवश्यकता नाही. ‘नमुना ८’ मधून दुसऱ्या वर्गातील घरे वेगळी काढली की निम्मे काम झाले. उरलेले काम बाहेरून पाहण्याचे: भिंतीला पोट आले आहे काय, कोपऱ्यात उभी चीर आहे काय, दार कोपऱ्याला अगदी खेटून आहे काय, माळवदाची माती किती. थोड्या प्रशिक्षणाने ग्रामसेवक हे टिपून घेऊ शकेल आणि अभियंत्याला मग निवडक घरेच पाहावी लागतील. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हाही गावोगावी लोक घराबाहेर धावले आणि धक्का ओसरल्यावर त्याच घरांत परतले. अशा घरांवर नवी माती पडते ती एप्रिल-मे महिन्यांत, पावसाच्या तोंडावर. ती पडण्याआधी जुनी माती उतरवायची असेल, तर यादी मार्चच्या वसुलीबरोबरच तयार व्हावयास हवी.