काकांची वारस नोंद आणि माझे चौकोन-गोल : बीपीएमएनची तोंडओळख

"तू दिवसभर चौकोन आणि गोल काढत बसतेस, त्याचे पैसे मिळतात?" मागच्या दिवाळीत काकांनी मला सरळ विचारलं. मिळतात, म्हणजे फेलोशिप वेळेवर आली तर. पण प्रश्न रास्त होता. माझा पीएचडीचा विषय 'प्रोसेस मॉडेलिंग' आहे असं सांगितलं की लोक मान हलवतात आणि दुसरा विषय काढतात. काकांनी तसं केलं नाही, कारण ते स्वतःच तेव्हा एका प्रोसेसमध्ये अडकले होते. आजोबा गेल्यानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावं लागायची होती आणि काम कुठे अडलंय ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तेव्हा आज तेच उदाहरण घेऊ. पुस्तकांत नेहमी पिझ्झाच्या ऑर्डरचं उदाहरण असतं, पण पिझ्झा सहसा वर्षभर अडकत नाही.

आधी नाव समजून घ्या. बीपीएमएन म्हणजे बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन. कुठलंही काम पायरीपायरीने कसं होतं, ते कोण करतं आणि कशावर अडतं, हे चित्रात मांडायची ठरलेली पद्धत. कल्पना जुनीच. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने १९२१ मध्येच 'प्रोसेस चार्ट' मांडले होते. पण पुढे ज्याने त्याने आपापली चिन्हं वापरली, आणि एकाचं चित्र दुसऱ्याला कळेना. २००४ मध्ये बीपीएमएनची पहिली आवृत्ती आली, नंतर ती ओएमजी या संस्थेकडे गेली. २०११ मध्ये २.० आवृत्ती आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. इतिहास एवढा पुरे.

आता कागद घ्या. खरंच घ्या, वाचून कळत नाही हे.

सगळ्यात आधी एक आडवा मोठा चौकोन काढा, त्याला 'पूल' म्हणतात. पूल म्हणजे या कामातला एक स्वतंत्र पक्ष. आपल्याकडे एक पूल महसूल खात्याचा, दुसरा काकांचा. महसूलच्या पुलात दोन आडव्या पट्ट्या पाडा, त्या 'लेन'. एक तलाठ्याची, एक मंडळ अधिकाऱ्याची. पोस्ट खात्यालाही एक पूल द्या, पण तो रिकामा ठेवा. आत काय चालतं ते आपल्याला माहीत नाही आणि या चित्रापुरतं जाणून घ्यायची गरजही नाही. अशी काळी पेटी बीपीएमएनमध्ये चालते.

आता आतली चिन्हं. बारीक रेघेचा गोल म्हणजे सुरुवात, जाड रेघेचा गोल म्हणजे शेवट, दुहेरी रेघेचा गोल म्हणजे मधेच काहीतरी घडणं. हे झाले 'इव्हेंट'. गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे 'टास्क', म्हणजे कोणीतरी करायचं काम. त्यात नेहमी क्रियापद लिहा. 'नोटीस' नाही, 'नोटीस पाठवणे'. आणि शंकरपाळ्यासारखा आकार म्हणजे 'गेटवे', जिथे वाट फुटते किंवा परत जुळते. एका पुलातल्या पायऱ्या सलग रेघेच्या बाणाने जोडायच्या. पण एका पुलातून दुसऱ्यात सलग बाण कधीच न्यायचा नाही, तिथे तुटक रेघ. कारण काका तलाठ्याला कामाला लावू शकत नाहीत, फक्त अर्ज देऊ शकतात. एका रेघेत केवढी समज भरलीय बघा.

वारस नोंदीचा प्रवास साधारण असा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तलाठी वारसांची चौकशी करतो. मग फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद घेतो. त्यानंतर कलम १५० प्रमाणे दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या: नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंध असलेल्या सगळ्यांना लेखी कळवायचं. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी तपासून नोंद प्रमाणित करतो, आणि सातबारा बदलतो.

'दोन गोष्टी एकाच वेळी' आली की अधिकचं चिन्ह असलेला गेटवे लागतो, तो समांतर गेटवे. 'हे किंवा ते' असेल तर फुलीचा गेटवे. चित्र बरोबर आहे का हे तपासायला मी चिंचोके वापरते. (संशोधनात याला टोकन म्हणतात. मूळ कल्पना कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातली, पेट्री नेट्स त्यांच्याच नावाने ओळखतात.) सुरुवातीच्या गोलावर एक चिंचोका ठेवा आणि बाणाबाणाने सरकवा. फुलीपाशी आला की एकच वाट धरायची. अधिकपाशी आला की जितक्या वाटा तितके चिंचोके होतात. आणि पुढे वाटा जुळतात तिथेही अधिक असेल, तर सगळे चिंचोके येऊन पोहोचेपर्यंत तिथून कोणीच हलत नाही.

आता नवशिक्यांच्या दोन चुका लगेच कळतील. वाट फुलीने फोडली आणि अधिकने जुळवली, तर एकच चिंचोका येतो आणि दुसऱ्याची वाट बघत बसतो, जन्मभर. याचं नाव डेडलॉक. उलट, अधिकने फोडून फुलीने जुळवली तर दोन्ही चिंचोके पुढे सुटतात आणि पुढचं काम दोनदा होतं. एकाच बिलाचे पैसे दोनदा देण्यासारखं. अशा चुका कॉम्प्युटरला आपोआप शोधता येतात, आणि माझ्या क्षेत्रातलं बरंच काम यावरच उभं आहे. १९९० च्या दशकात विल व्हान डर आल्स्ट यांनी 'साउंडनेस' ही कसोटी मांडली. साध्या भाषेत: सुरू झालेलं प्रत्येक काम संपू शकलं पाहिजे, संपल्यावर मागे चिंचोका उरता कामा नये, आणि कधीच वापरली जाणार नाही अशी पायरी चित्रात नको.

आता हरकतीची जागा बघा, कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात. मीही पहिल्यांदा फुलीचा गेटवे काढून त्यावर 'हरकत आली का?' असं लिहिलं होतं. वाचायला बरोबर वाटतं. पण फुलीचा गेटवे तत्क्षणी निर्णय घेतो. चिंचोका आला, प्रश्न विचारला, वाट धरली. नोंद घेतल्याच्या मिनिटाला हरकत कुठून येणार? उत्तर कायम 'नाही'! इथे तलाठी काही ठरवत नाही, तो थांबतो. दोनपैकी जे आधी घडेल ते वाट ठरवतं: हरकतीचा कागद, नाहीतर १५ दिवस. यासाठी वेगळा गेटवे आहे. शंकरपाळ्याच्या आत दुहेरी गोल आणि त्यात पंचकोन. त्यातून दोन बाण काढायचे, एक पाकिटाचं चित्र असलेल्या गोलाकडे, दुसरा घड्याळाच्या गोलाकडे. निर्णय आणि वाट बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला विचाराल तर साध्या फ्लोचार्टपेक्षा बीपीएमएन शिकण्यासारखं आहे ते मुख्यतः यासाठी.

हे चित्र मी काकांसमोर बसून काढलं, त्यांनी ऑफिसात ऐकलेलं एकेक वाक्य विचारत. 'वारसांना नोटीस पाठवणे' या चौकोनाच्या तळाशी तीन उभ्या रेघा काढल्या. त्याचा अर्थ, हेच काम प्रत्येक वारसासाठी वेगळं आणि एकदमच होतं: काका, माझे बाबा आणि सुरतची आत्या. मग चिंचोके सरकवले. चावडीवरचा पुढे आला. काकांचा आणि बाबांचा आला. आत्याचा?

"तिची पोहोच यायचीय म्हणाले होते," काका म्हणाले.

कधी म्हणाले होते? चार महिन्यांपूर्वी. आत्याने मधल्या काळात घर बदललं होतं आणि अर्जावर जुना पत्ता होता. नोटीस परत आली की वाटेतच राहिली ते माहीत नाही, काळी पेटी. तलाठी पोहोचेची वाट बघत होता. मंडळ अधिकाऱ्याकडे कागद आलेच नव्हते, म्हणजे त्याच्यापुरतं हे काम अस्तित्वातच नव्हतं. काका ऑफिसच्या फोनची वाट बघत होते. आणि चित्रात बघितलं, तर काकांकडे जाणारी एकही तुटक रेघ नव्हती. 'तुमची एक पोहोच आली नाही' हे काकांना कळवणं हे कोणाचंच काम नव्हतं. तिघंही आपापल्या जागी नियमाने वागत होते. मी तोपर्यंत, खरं सांगते, कोणीतरी पैशासाठी अडवतंय असंच धरून चालले होते.

कायद्याच्या भाषेत यावर उपाय काय ते वकील सांगतील. चित्राच्या भाषेत उपाय सोपा आहे. वाट बघण्याच्या चौकोनाच्या काठावर घड्याळाचा दुहेरी गोल बसवायचा. अमुक दिवसांत पोहोच आली नाही तर इथून बाण बाहेर, 'अर्जदाराला कळवणे' या कामाकडे. गोल सलग रेघेचा काढला तर मूळ काम थांबतं, तुटक रेघेचा काढला तर मूळ काम चालू राहून हेही होतं. इथे तुटक हवा. दिवस किती, ते खात्याने ठरवावं. पण 'किती' हा प्रश्न निदान कागदावर येतो. तसाच दुसरा प्रश्न: ते १५ दिवस मोजायचे कधीपासून? चावडीवर प्रत लागल्यापासून, की शेवटची नोटीस पोहोचल्यापासून? घड्याळाचा गोल जुळणीच्या आधी काढायचा की नंतर, यावर सगळं फिरतं. काकांना मिळालेल्या माहितीवरून मी तो नंतर काढला.

चिन्हांची भीती वाटत असेल तर एक दिलासा. मिखाएल झुर म्यूलेन आणि यान रेकर यांनी २००८ मध्ये १२० चित्रं तपासली. सरासरी चित्रात उपलब्ध चिन्हांपैकी २० टक्केही वापरलेली नव्हती. तुम्ही वर जे वाचलं त्यात बहुतेक गरजा भागतात. २०१० च्या एका निबंधात मेंडलिंग, रायर्स आणि व्हान डर आल्स्ट यांनी चित्र सुटसुटीत ठेवण्याचे सात नियम दिले. त्यातला माझा आवडता: पन्नासच्या वर आकार झाले तर चित्र फोडा. सरावासाठी बीपीएमएन डॉट आयओ हे मोफत साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं. पण पहिलं चित्र पेन्सिलनेच काढा, आणि ते काम रोज करणाऱ्या माणसाला शेजारी बसवून. एकट्याने काढलेलं चित्र देखणं होतं आणि चुकतं.

काकांनी त्या चित्राची झेरॉक्स मागून घेतली. ऑफिसात ती कोणी बघितली नाही, पण आत्याचा नवा पत्ता त्यांनी लेखी दिला. आत्या पुढच्या महिन्यात एका लग्नासाठी आलीच होती, तेव्हा नोटीस हातातच घेऊन पोहोचेवर सही करून गेली. मग १५ दिवस. नोंद प्रमाणित झाल्याचा काकांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. "तुझा तो शेवटचा जाड गोल आला गं," म्हणाले.