आणीबाणीतील वृत्तपत्रे व सेन्सॉरशिप

भारतात २५ जून १९७५ रोजी घोषित झालेल्या व २१ मार्च १९७७ रोजी उठविण्यात आलेल्या अंतर्गत आणीबाणीच्या काळात केंद्र शासनाने वृत्तपत्रे व नियतकालिके यांवर प्रसिद्धीपूर्व तपासणी (सेन्सॉरशिप) लादली. बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी ती निमूटपणे मान्य केली. प्रतिकार मुख्यत्वे मोजकी दैनिके आणि अत्यल्प खपाची नियतकालिके यांच्याकडून झाला.

नियंत्रणाचे स्वरूप

२५ जूनच्या रात्री दिल्लीतील बहादूर शाह जफर मार्गावरील छापखान्यांचा वीजपुरवठा तोडण्यात आला. त्यामुळे तेथील अनेक दैनिके दुसऱ्या दिवशी निघू शकली नाहीत. २६ जून रोजी भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतील नियम ४८ अन्वये तपासणीचा आदेश निघाला. माहिती व नभोवाणी खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. पुढे प्रेस कौन्सिल बरखास्त झाली, तसेच संसदेच्या कामकाजाचे वृत्त देण्यास संरक्षण देणारा १९५६ चा कायदा रद्द झाला. तो कायदा पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे पती फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून आला होता, हे विशेष. १९७६ च्या आरंभी चार वृत्तसंस्थांचे एकत्रीकरण करून ‘समाचार’ ही एकच संस्था स्थापण्यात आली.

प्रतिकार

‘इंडियन एक्सप्रेस’ने २८ जून रोजी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लोकशाहीच्या निधनाची छोटी जाहिरात एखाद्या व्यक्तीची वाटावी अशा रीतीने छापून आली आणि तपासनिसांच्या नजरेतून सुटली. यानंतर अग्रलेखाची जागा कोरी ठेवण्यास मनाई करण्यात आली. इतकेच नव्हे, तर ती महात्मा गांधी किंवा रवींद्रनाथ टागोर यांच्या वचनांनी भरण्यासही बंदी आली. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांना ‘मिसा’खाली अटक झाली. रामनाथ गोएंका यांच्या एक्सप्रेस समूहावर संचालक मंडळात फेरबदल, सरकारी जाहिराती बंद करणे व वीज तोडणे अशा मार्गांनी दबाव आणला गेला.

कायदेशीर लढ्यांत मुंबईतील ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचा खटला सर्वांत महत्त्वाचा ठरला. संपादक मिनू मसानी यांनी तपासणीसाठी पाठविलेल्या मजकुरापैकी ११ बाबींना तपासनीस बिनोद राव यांनी मनाई केली. मसानी यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. सोली सोराबजी यांनी त्यांची बाजू मांडली. एकसदस्यीय पीठाचा निर्णय मसानींच्या बाजूने लागला. त्यावरील अपिलात न्या. दि. पी. मादन व न्या. एम. एच. कनिया यांच्या खंडपीठाने १० फेब्रुवारी १९७६ रोजी स्पष्ट केले, की तपासनिसाचे अधिकार नियमात नमूद केलेल्या हेतूंपुरतेच मर्यादित आहेत आणि शासनावरील टीका किंवा मतभेद दडपणे हे त्याचे काम नव्हे. मूलभूत हक्कांची अंमलबजावणी बऱ्याच अंशी स्थगित असतानाही न्यायालयाने तपासनिसाला त्याच्याच नियमाच्या चौकटीत बांधले, यात या निकालाचे मोल आहे. गुजरातेतील सर्वोदयी नियतकालिक ‘भूमिपुत्र’नेही असाच लढा गुजरात उच्च न्यायालयात दिला.

महाराष्ट्रात यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखालील ‘साधना’ साप्ताहिक आणि राजमोहन गांधी यांचे मुंबईतील इंग्रजी साप्ताहिक ‘हिम्मत’ यांनाही शासकीय रोषास तोंड द्यावे लागले. दिल्लीच्या ‘सेमिनार’चे संपादक रोमेश थापर यांनी निराळा मार्ग पत्करला: तपासणीसाठी मजकूर पाठविण्याऐवजी त्यांनी १९७६ मध्ये मासिकच बंद ठेवले.

जानेवारी १९७७ मध्ये लोकसभा निवडणूक जाहीर झाल्यावर सेन्सॉरशिप शिथिल झाली. जनता शासनाने नेमलेल्या न्या. जे. सी. शाह आयोगाने या काळातील अधिकारांच्या गैरवापराची चौकशी केली, तर ‘समाचार’चे विभाजन १९७८ मध्ये होऊन चारही वृत्तसंस्था पुन्हा स्वतंत्र झाल्या.