सपाट तळव्याचा बागुलबुवा

पोलीस भरती अथवा सैन्यभरतीची जाहिरात निघाली, की छत्रपती संभाजीनगरातील रस्ते पहाटेच जागे होतात. गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठाचा परिसर, बायपासच्या कडेचा डांबरी पट्टा, जेथे जागा मिळेल तेथे तरुण-तरुणी धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर अंतर वेळेत कापावे लागते आणि तेथील एकेक गुण मोलाचा असतो. सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र यातील काहीजण लंगडू लागतात. कुणाची नडगी ठणकते, कुणाची टाच सकाळी जमिनीवर टेकवत नाही. मग मैदानावरचाच एखादा अनुभवी सोबती ओला पाय फरशीवर उमटवायला सांगतो आणि निकाल देतो, ‘तुझा तळवा सपाट आहे, तुझ्याने हे होणार नाही.’

हा निकाल कितपत खरा, हे समजण्यासाठी तळपायाची रचना पाहायला हवी. एका पायात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. टाचेपासून चवड्यापर्यंत आतल्या बाजूने जाणारी कमान ही त्यातील सर्वांत परिचित. बाहेरच्या बाजूला एक बुटकी कमान आणि चवड्याच्या मागे आडवी तिसरी असते. या रचनेवर निसर्गाने दोन परस्परविरोधी कामे सोपवली आहेत. पाऊल जमिनीवर पडते तेव्हा ते किंचित आत झुकते, कमान खाली दबते आणि धक्का पसरतो. पुढच्याच क्षणी टाच उचलली जाते, अंगठा मागे वाकतो आणि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला जाड पडदा, म्हणजे प्लांटर फॅशिया, रहाटावरच्या दोरासारखा आवळला जातो. कमान वर उचलली जाते आणि पाय ताठ होतो. आधी गोधडी, मग पहार. १९५४ मध्ये हिक्स या ब्रिटिश संशोधकाने या रहाटाचे वर्णन केले. आजही ते शिकवले जाते.

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. साठ किलोच्या तरुणासाठी तो सव्वाशे ते पावणेदोनशे किलोच्या घरात जातो. पाच किलोमीटरच्या सरावात एकेक पाय सुमारे दोन हजार वेळा हा भार झेलतो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय खेळपट्टीवर आदळतो तेव्हा तर हा आकडा पाचपटीच्याही पुढे जातो.

येथे रचनेचा प्रश्न येतो. कमान फार खाली बसत असेल, तर पाऊल अधिक आत झुकते, त्याबरोबर नडगीचे हाड आत वळते आणि कमान सावरणाऱ्या स्नायूंना जास्त राबावे लागते. नडगीच्या आतल्या कडेची दुखणी आणि गुडघ्याच्या काही तक्रारी यांतून संभवतात. याउलट उंच, ताठ कमानीचा पाय धक्का पसरवत नाही. तो टाच आणि चवडा एवढ्यावरच टेकतो, हाडांना हादरे बसतात आणि घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळण्याचा धोकाही वाढतो. थोडक्यात, दुखणे कोठे उद्भवेल याचा अंदाज पायाच्या ठेवणीवरून बांधता येतो.

दुखणे उद्भवेलच काय, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. अमेरिकी पायदळाच्या प्रशिक्षणार्थींची एक पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सर्वांत सपाट तळव्यांच्या गटाला सर्वांत कमी दुखापती झाल्याचे आढळले. अधिक त्रास उंच कमानीच्या जवानांना झाला. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर निरीक्षण करण्यात आले. २०१४ च्या त्या निष्कर्षांतही पाऊल आत झुकणाऱ्यांना दुखापतीचा धोका अधिक असल्याचे दिसले नाही. दुकानात पायाचा ठसा घेऊन महागडे बूट गळ्यात मारणाऱ्यांना हे अर्थातच रुचणारे नाही.

मग नडगी का ठणकते? उत्तर बहुधा वेळापत्रकात सापडते. वाढीव भार पडू लागला, की हाड स्वतःची डागडुजी करते. पण त्यात जुना भाग आधी काढला जातो आणि नवा सावकाश भरला जातो. मधल्या काही आठवड्यांत हाड उलट कमकुवत असते. वर्षभर स्वस्थ बसलेला तरुण जाहिरात निघताच रोज डांबरावर पाच-सात किलोमीटर धावू लागला, तर नेमका याच काळात तो सर्वाधिक भार टाकतो. लांब कवायतींनी सैनिकांच्या पायाची हाडे तडकतात, याची नोंद प्रशियाच्या लष्करी डॉक्टरांनी १८५५ मध्येच केली होती. त्याला आज आपण स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो.

सैन्यात जाऊ पाहणाऱ्यांची भीती वेगळी असते. १९७७ पासून याच शहरातील सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये एनडीएची तयारी करून घेतली जाते. त्यामुळे हा विषय येथे घरोघरी माहीत आहे. सपाट तळवा म्हणजे सैन्याचे दार बंद, असा सरसकट समज आहे. सैन्यदलांच्या अधिकारी भरतीचे वैद्यकीय निकष इतके सरसकट नाहीत. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, पाय लवचिक आणि वेदनारहित असेल व चवड्यांवर नीट धावता येत असेल, तर उमेदवार पात्र ठरू शकतो. अपात्र ठरतो तो ताठ, न हलणारा किंवा दुखणारा सपाट तळवा. फरशीवरच्या ठशात हा फरक दिसतच नाही.

बुटांविषयीही थोडे सांगायला हवे. मणिपालच्या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहानपणापासून बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के होते. बंद, निमुळते बूट लहान मुलांच्या पायात घालण्याची घाई नको, इतके त्यावरून म्हणता येते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे सुवर्ण जिंकणाऱ्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे आहेत. बाजारातील अरुंद बुटांनी तिला वेदना दिल्या. दोष बुटाच्या मापाचा होता. चवड्याशी ऐसपैस असलेला, पायाला सुखावह वाटणारा बूट घ्यावा आणि अंतर हळूहळू, मधे विश्रांतीचे दिवस ठेवून वाढवावे. शक्य असेल तेव्हा डांबराऐवजी मातीवर धावावे. पोटरीच्या स्नायूंना बळकटी देण्यासाठी चवड्यांवर वर-खाली होण्याचा व्यायाम पुरेसा उपयोगी असून त्याला खर्चही नाही.

दुखणे नडगीच्या लांब पट्ट्यावर पसरलेले असेल, तर बहुधा विश्रांतीने आणि सराव कमी केल्याने ते आवरते. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल किंवा त्या पायावर एकदा उडी मारणेही नकोसे वाटत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून घाटी रुग्णालयाच्या अस्थिव्यंगोपचार विभागात किंवा अन्य अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अशी तडा अनेकदा दिसत नाही. तेव्हा एक्स-रे निर्दोष आला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदान गाठू नये. दुखणे कायम असल्यास एमआरआयची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.